हौदासाठी ऊन पाणी

पाचगणी,
१८ नोव्हेंबर १९४६

मित्रवर्य धनपाल,

पाचगणीच्या गारठ्यातून जोतीरामचा नमस्कार. सांगलीच्या शाळेत एका बाकावर बसून तू माझी गणितं सोडवून द्यायचास, त्याच हक्कानं आज आणखी एक पाठवतो आहे. याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही.

पलटणीतून सुटून आलो तो कडेगावला, थोरल्या आकारामदादाच्या उसात राबायचं म्हणून. महिना झाला नाही तोच तुझ्या चंद्रावहिनीला छातीचं दुखणं निघालं. इथल्या क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात माझी वर्णी लागली ती लढाईत इराकातल्या बसऱ्याला शिकलेल्या विद्येवर. ती विद्या म्हणजे मैल्याच्या हौदाची. साठ रोग्यांचे संडास आणि मोऱ्या यांचं पाणी एका झाकलेल्या हौदात जातं. साहेब लोक त्याला सेप्टिक टँक म्हणतात. तिथं डोळ्यांना न दिसणारे जंतू घाण खाऊन पातळ करतात. पुढं ते पाणी खडीच्या थरातून झिरपतं आणि निवळ होऊन ओढ्याला मिळतं. निदान मिळायला हवं. दिवाळीपर्यंत मिळतही होतं. आता काळपट, फेसाळ पाणी येतं आणि वास असा की कावळासुद्धा वळसा घालून जातो. तेच ओढ्याचं पाणी खालच्या वाडीतली माणसं पितात.

डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं की फेब्रुवारीत विश्वस्त पाहणीला येतात, तोवर पाणी निवळ झालं नाही तर हौद पुण्याच्या ठेकेदाराकडे देणार. ठेकेदार आला की मी गेलो. आणि मी गेलो की चंद्राची खाट गेली, कारण ती माझ्या नोकरीच्या पोटी फुकट आहे. तिला घेऊन परत कडेगावच्या गुऱ्हाळाच्या धुरात जायचं म्हणजे काय होईल ते तुला सांगायला नको.

तुझ्या बोर्डिंगात तू असाच हौद बांधलास असं मागं लिहिलं होतंस. बसऱ्यात माझा हौद चुलीवरच्या आमटीसारखा रटरटायचा. इथं तीच विद्या, तीच माणसं, तीच घाण, आणि हौद रुसून बसला आहे. थंडीनं असेल का? मला काहीच समजत नाही. लवकर लिही.

तुझा,
जोतीराम


सांगली,
२७ नोव्हेंबर १९४६

प्रिय जोतीराम,

जयजिनेंद्र. पत्र नाकाला रुमाल लावून वाचलं.

आधी वहिनींच्या तब्येतीचं. माझ्या आईनं, अव्वानं, त्यांच्या नावानं रोज माळ ओढायला सुरुवात केली आहे. तुझ्या वहिनीनं, चंदनबालेनं, शिकेकाई कुटून ठेवली आहे, कुणी येणारं भेटलं की पाठवते.

आता हौदाचं. माझ्या बोर्डिंगात ऐंशी मुलं आहेत आणि हौदाबद्दल आजवर एकाचीही तक्रार नाही. शेवटचं पाणी केळीच्या बागेत सोडलं आहे. मागच्या महिन्यातला घड तराजूत घालायला दोन माणसं लागली. थंडीचा प्रश्न निकालात काढ. आमच्याकडे पौषात पहाटे दात वाजतात, तरी हौद जसा वैशाखात चालतो तसाच पौषात. थंडीनं अडत असता तर माझाही अडला असता. हे साधं त्रैराशिक आहे आणि त्रैराशिकात तू नेहमीच कच्चा होतास.

खरा गुन्हेगार फिनेल आहे. रोग्यांची जागा म्हणून तुम्ही सगळीकडे फिनेल ओतत असणार. अरे, ज्यांनी घाण खायची त्यांनाच तुम्ही विष घालता. आमच्याकडे अव्वा विहिरीचं पाणी फडक्यातून गाळते आणि फडक्यावर जे सूक्ष्म जीव राहतात ते, म्हणजे जिवाणी, बादलीनं अलगद परत त्याच विहिरीत सोडते. ज्या घरात असा आचार, तिथं फिनेलला उंबऱ्याच्या आत जागा नाही. म्हणून माझे जीव सुखी आणि केळी लठ्ठ.

एवढंच की, कधी कधी माझाच घोटाळा होतो. हौदात कोट्यवधी जीव मी पोसतो हे पुण्य, की मैलापाणी साठवून ते जन्माला घालतो हे पाप? अव्वाला विचारलं तर म्हणाली, आधी केळी उतरव.

फिनेल बंद कर आणि मला पेढे पाठव.

तुझा,
धनपाल


पाचगणी,
१५ डिसेंबर १९४६

प्रिय धनपाल,

पेढ्यांची वाट पाहू नकोस.

फिनेल बंद करायचं म्हटल्यावर डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच रोगाचा जंतू. पण मी पिच्छा सोडला नाही. थुंकीचे डबे आम्ही जाळून टाकतो, त्यात फिनेल हवंच, पण संडासमोऱ्यांना नुसती राख आणि खराटा करून पाहू, असं गयावया करून सांगितलं. पंधरा दिवसांची परवानगी मिळाली. झाडूवाला धुळा राख घासून घासून पांढरा झाला, हौद मात्र काळाच राहिला. उलट वास वाढला, कारण आधी निदान फिनेलचा तरी वास यायचा.

मग वाटलं, तू काहीही म्हण, थंडीचंच काहीतरी आहे. इथं पहाटे गवतावरचं दव गोठतं. म्हणून सुलाबाई सिस्टरकडून थर्मामीटर मागून घेतला आणि दोरीला बांधून हौदात सोडला. बराच वेळ धरून वर काढला तर पारा जागचा हललाच नाही. पुन्हा सोडला. पुन्हा तेच. हौदात थंडी किती आहे ते कळण्याऐवजी हौदात काहीच नाही असं कळलं. तू सांग, याचा अर्थ काय लावायचा?

चंद्राचा संध्याकाळचा ताप थोडा कमी आहे. वजन अर्धा पौंड वाढलं. पण चिडचिड करते. इथं रोग्यांना थंडीत आंघोळ नाही, ओल्या फडक्यानं अंग पुसतात, आणि ते फडकंही गारच. सरपण फक्त स्वैपाकघराला आणि डॉक्टरांच्या बंगल्याला. दिवाळीपासून तिनं केस धुतलेले नाहीत. परवा मला म्हणाली, "एक बादली ऊन पाणी अंगावर घ्याया मिळालं तर निम्मं दुखणं पळंल बगा." मी म्हटलं, नियम आहे. माझ्या हातात असतं तर दिलं नसतं का? पण माझं डोकं सध्या हौदात अडकलं आहे.

शिकेकाई पाठवायची घाई करू नका म्हणून वहिनींना सांग.

तुझा,
जोतीराम


सांगली,
२८ डिसेंबर १९४६

प्रिय जोतीराम,

थर्मामीटरचं वाचून मी दोन दिवस विचार केला. पारा हलला नाही याचा अर्थ मला असा वाटतो की हौद मेला आहे. जिवंत शरीरात ऊब असते, मेलेल्यात नसते. तुम्ही वर्षभर फिनेल पाजून सगळे जीव संपवले. आता बंद केलंत तरी घाण खाणार कोण? गाव ओस पडल्यावर वेस उघडी ठेवून काय उपयोग?

तेव्हा वस्ती नव्यानं करायला हवी. माझ्या हौदातला गाळ एका मडक्यात भरून, तोंडाला फडकं आणि वरून मातीचा लेप देऊन पाठवतो आहे. सिद्धू ड्रायव्हर सांगली-सातारा मोटारीवर असतो, तो पुढं पाचगणीच्या मोटारीत चढवून देईल. अव्वाची थोडी कुरकूर आहे. तिचं म्हणणं, जिवाणी ज्या पाण्यातून निघाली त्याच पाण्यात परत जावी, परक्या पाण्यात सोडू नये. मी म्हटलं, अव्वा, ती विहीर आणि हा मैला. ती म्हणाली, जीव तो जीवच.

इकडे एक अभिमानाची बातमी. एक ब्रह्मचारीजी बोर्डिंगात मुक्कामाला होते. त्यांनी मुलांना देह कसा कसावा ते सांगितलं, आणि साऱ्या मुलांनी माघ संपेपर्यंत थंड पाण्यानं आंघोळ करायचा नियम घेतला. ऐंशीच्या ऐंशी! पौष लागल्यापासून न्हाणीघराचा बंब थंड आहे. पहाटे मुलं ओरडत आंघोळ करतात तेव्हा सगळी गल्ली जागी होते. सरपणाची गाडी तशीच पडून आहे.

मडकं पोचल्याचं लिही. यावेळी पेढे नक्की.

तुझा,
धनपाल


पाचगणी,
९ जानेवारी १९४७

धनपाल,

मडकं पोचलं. निम्मं पोचलं असं म्हणू.

कराडच्या अलीकडे त्याचं तोंड आपोआप उडालं. आत वायू धरला असणार. सिद्धू स्वतः इथवर आला होता तेव्हा त्यानं हकिकत सांगितली. मोटारीतल्या एका म्हातारीनं त्याला विचारलं, "काय मेलंय रं ह्यात?" सिद्धू म्हणाला, "मेलं न्हाई आज्जे, जित्तं हाय, म्हणून तर वास येतोय." पुढं साताऱ्यापर्यंत मडकं टपावर आणि उतारू खिडकीबाहेर.

उरलेला गाळ मी हौदात सोडला. आठवडा गेला, काही फरक नाही. मग मला वाटलं, सांगलीचे जीव, त्यांना इथला गारठा सोसत नसणार, थोडी ऊब द्यावी. स्वैपाकघरात भाताचं आधण उकळत होतं. आचारी गुंडा वळला तशी दोन पातेली उचलली आणि तशीच हौदात ओतली. धनपाल, त्यानंतर जे झालं ते लिहवत नाही. तीन दिवस पाण्यावर जो तवंग आला आणि जो दर्प सुटला, त्यानं रोग्यांनी जेवण टाकलं. उकळत्या पाण्यानं जे काय थोडं जिवंत होतं तेही शिजलं असावं. गुंडा भाताला मुकला आणि मला साहेबांपुढं उभं केलं.

थर्मामीटरचाही उलगडा झाला. सुलाबाई हसून हसून वाकल्या. तो तापाचा थर्मामीटर, त्याचे आकडेच पंच्याण्णवपासून सुरू होतात. त्याच्या खाली हौद जिवंत असो की मेलेला, तो बोलतच नाही. आणि तू त्यावर दोन दिवस विचार केलास.

विश्वस्त वीस फेब्रुवारीला येणार हे पक्कं झालं. ठेकेदाराचा माणूस काल येऊन हौदाची लांबीरुंदी मोजून गेला. चंद्रानं खिडकीतून त्याला पाहिलं आणि कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, रंगारी आहे.

तुझं फिनेल झालं, तुझं मडकं झालं. आता आणखी उपाय असला तर तुझ्यापाशीच ठेव.

जोतीराम


सांगली,
१६ जानेवारी १९४७

रा. रा. जोतीराम यांस,

मडक्याचं तोंड नीट बांधलं होतं. आत वायू धरेल हे मला माहीत नव्हतं.

उकळतं पाणी जिवांवर ओतावं असं मी कोणत्या पत्रात लिहिलं होतं ते कळव. आमच्या घरात ऊन पाणी जमिनीवर टाकायचं तरी अव्वा आधी निवू देते. माझ्या हौदातून गेलेल्या जिवांचा असा अंत झाला हे मी तिला सांगितलेलं नाही.

इकडे सर्व ठीक. माझ्या हौदाचं पूर्वीसारखंच उत्तम चाललं आहे. वहिनींना नमस्कार.

धनपाल

जोतीरामभावजींना चंदनबालेचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी लिहिते. इकडे काही ठीक नाही. आमचा हौद संक्रांतीच्या आधीपासून नासला आहे. केळीत शेवाळासारखं काळं पाणी साचलंय, मुलं खिडक्या लावून अभ्यास करतात. हे पहाटे कंदील घेऊन हौदाभोवती फिरतात आणि कुणी विचारलं तर शतपावली म्हणतात. तुम्हाला कळवू नको असं मला बजावलं होतं, पण तोंडानं कळवू नको म्हणाले होते, मी हातानं कळवते आहे. तुमचं भांडण लांबलं तर दोन्ही हौद तसेच राहतील.


पाचगणी,
२१ जानेवारी १९४७

प्रिय धनपाल,

मागच्या पत्रात मी फार तोंड टाकलं. त्या तीन दिवसांच्या वासात माणूस माणसात राहत नाही, एवढं समजून घे.

तुझ्या पत्राखालच्या चार ओळी वाचल्या. वहिनींवर रागावू नकोस. खरं सांगू? वाचून मला आधी आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. आता कोण शहाणा आणि कोण कच्चा हा वाद मिटला. पण मी गोंधळलो आहे तो वेगळ्याच कारणानं. माझा हौद दिवाळीला बिघडला आणि तुझा संक्रांतीच्या तोंडाशी. तुझ्याकडे फिनेल नाही, माझ्यासारखी थंडी नाही. मग तुझ्या हौदाला झालं काय? तुझ्याकडे नुकतं काय बदललं ते सगळं लिही. बारीकसारीक काही गाळू नकोस, तुला काही गाळून ठेवायची सवय आहे.

तुझा,
जोतीराम


सांगली,
३० जानेवारी १९४७

प्रिय जोतीराम,

चंदनबालेशी मी एक दिवस बोललो नाही. तिला ते कळलंच नाही, तेव्हा पुन्हा बोलू लागलो.

तू म्हणतोस काय बदललं. काहीच नाही. तीच ऐंशी मुलं, तीच ज्वारीची भाकरी, तोच भात, तेच संडास. विहिरीचं पाणी तेच. मोऱ्या धुणारा नाथाजी तोच. थंडी म्हणशील तर यंदा विशेष नाही, मागच्या साली याहून कडक होती आणि तेव्हा हौद उत्तम चालला. मग थंडी कशी म्हणू?

बदललं ते फक्त चांगल्यासाठी. मुलांचा थंड आंघोळीचा नियम चालू आहे, दोघातिघांना सर्दी झाली, पण कुणी मोडलेला नाही. वाटलं की त्या पुण्याईनं तरी हौद सुधारेल. उलट माझ्या मनात एक भलताच विचार येतो. पूर्वी हिवाळ्यात सकाळी आंघोळीच्या वेळेला हौदाच्या झाकणाच्या फटीतून वाफ निघायची. मला ती पाहायला आवडायची, वाटायचं आतले जीव श्वास घेत आहेत. यंदा ती वाफ एकदाही दिसली नाही. म्हणजे त्यांचा श्वासच बंद पडला. कशानं पडला ते मात्र उमगत नाही. साबण नवीन आहे, त्यानं असेल का? की मडकंभर गाळ काढून परक्या गावी पाठवला, अव्वा नको म्हणत असताना, त्यानं?

बोर्डिंगाची मंडळी विचारू लागली आहेत. तुझं मला आता पुरतं कळतं.

तुझा,
धनपाल


पाचगणी,
४ फेब्रुवारी १९४७

प्रिय धनपाल,

तुझं पत्र मी हौदाच्या कट्ट्यावर बसून वाचलं आणि वाफेच्या ओळीपाशी आलो तसा उभा राहिलो. गड्या, तो जिवांचा श्वास नव्हता. ती तुझ्या पोरांच्या आंघोळीची वाफ होती.

ऐंशी पोरं, डोक्यावरून दोन दोन बादल्या ऊन पाणी, आणि ते सगळं मोरीतून थेट हौदात. अंगावरून उतरेपर्यंत ते कोमट झालेलं, म्हणजे कुणी शिजत नाही, नुसती ऊब मिळते. तुझा हौद हिवाळ्यात कधी हिवाळा पाहतच नव्हता. तो रोज पहाटे पोरांच्या जोडीनं न्हात होता. पौषात त्यांनी नियम घेतला आणि त्यांच्याबरोबर हौदालाही थंड पाण्याचं व्रत घडलं. माझ्या इथं तर थंडीभर ओलं फडकं. थंडीत दही विरजत नाही तेव्हा बायका भांडं चुलीशेजारी ठेवतात, हे आपण दोघांनी लहानपणापासून पाहिलं आहे. एवढी साधी गोष्ट, आणि आपण मडकी पाठवत बसलो.

मी तसाच डॉक्टरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, रोग्यांना ऊन पाण्याची आंघोळ द्या. म्हणाले, त्यासाठी सरपण मंजूर नाही. म्हटलं, रोग्यांसाठी नको, हौदासाठी द्या. हौदासाठी दुरुस्तीचा पैसा मंजूर आहे, त्यातून सरपण येऊ शकेल, म्हणाले. मग पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि ज्यांना ताप नाही त्यांना बंद खोलीत, वारा न लागता आंघोळ चालेल, असं ठरवलं. धनपाल, गेले तीन महिने चंद्रा एक बादली मागत होती. ती कुणी दिली नाही. हौदानं मागितली तर त्याच दिवशी मिळाली. हसावं की रडावं ते मला कळलं नाही, म्हणून चुलाण खणायला लागलो.

आकारामदादाच्या गुऱ्हाळात एक तळाला डाग दिलेली जुनी काहील पडून होती. ती ट्रकवर घालून आणली. गूळ शिजवायची काहील आता रोग्यांचं पाणी तापवते. हौदाच्या फरश्यांवर भाताचा पेंढा आणि त्यावर मातीचा थर घातला आहे. आंघोळीला खाटांच्या ओळी लावून दिल्या, आळीपाळीनं रोज दोन ओळी.

विश्वस्तांना सोळा दिवस आहेत. याचा उपयोग होईल की नाही, देवाला ठाऊक. तुझ्या पोरांना आधी ऊन पाणी दे.

तुझा,
जोतीराम


सांगली,
१७ फेब्रुवारी १९४७

प्रिय जोतीराम,

तुला लिहायला सोपं आहे. नियम घेतलेली पोरं ती, माघ संपल्याशिवाय बंबाला हात लावू देईनात. त्यांचा म्होरक्या रामगोंडा, शिरोळकडचा, मला म्हणाला की देह पडला तरी चालेल. मी हौदाचं, उबेचं, जिवांचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, मास्तर, तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या.

शेवटी अव्वा काठी टेकत न्हाणीघरापाशी आली. पोरांना बसवून म्हणाली, "बाळांनो, नेम धरला तो आपल्या जिवाला कष्ट द्याया. तुमच्या नेमानं दुसरा जीव गारठून मरत असंल, तर तो नेम न्हवं, हट्ट हाय. ऊन पाण्यानं न्हावा आणि एक वेळचं गोड सोडा." मग सगळ्यात आधी बादली घेऊन रामगोंडाच उभा. पोरांच्या तोंडावरचा आनंद पाहून मला वाटलं, गोड सोडायचं त्यांनी ऐकलंच नसावं.

त्याला आज दहा दिवस होतात. वास निम्मा झाला आहे. केळीतलं काळं ओसरतंय. पण खरं लिहू का? याच दहा दिवसांत सांगलीत ऊन चढलंय. उद्या शिवरात्र, थंडी शिव शिव म्हणत चाललीच आहे. मग हौद बंबानं सुधारला की सूर्यानं? आणि वैशाखातलं म्हणशील, तर तेव्हा पोरं सुटीवर असतात हे मी तुला पहिल्या पत्रात लिहायला विसरलो होतो. रिकामा हौद उत्तमच चालणार. मी गोंधळात होतो तिथंच आहे, फक्त आता नाकाला रुमाल लागत नाही.

वीस तारखेच्या पाहणीचं लगेच कळव. अव्वानं माळ दुप्पट केली आहे. चंदनबाला म्हणते, तार कर.

तुझा,
धनपाल


पाचगणी,
१२ मार्च १९४७

सौ. चंदनबालावहिनींना चंद्राचा नमस्कार.

तुमची आमची भेट नाही, पण तुमच्या चार ओळींची गोष्ट यांनी मला इतक्यांदा सांगितली की ओळख असल्यासारखी वाटते. हे पत्र मीच लिहिते आहे. मराठी चौथी झाले आहे, पण हात आता कापतो, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. हे लिहिणार होते. पण रोज कागद घेऊन बसतात, काय लिहावं ते कळत नाही म्हणून उठतात. तार तर दूरच.

विश्वस्त आले होते. हौदाच्या शेवटाला यांनी काचेची बाटली भरून दिली. पाणी अगदी विहिरीसारखं नव्हतं, किंचित पिवळं होतं. एका म्हाताऱ्या विश्वस्तानं बूच काढून हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि म्हणाले, आमच्या गावच्या ओढ्यापेक्षा बरं आहे. ठेकेदाराचं नाव कुणी काढलं नाही. तो रंगारी नव्हता हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. रंगारी पायानं जमीन मोजत नाही. यांना वाटतं मला फसवलं. वाटू दे.

नोकरी राहिली, माझी खाट राहिली. त्या रात्री हे माझ्या खाटेपाशी बसले आणि खूप रडले. लढाईवरून आले तेव्हाही रडले नव्हते.

पण खरी गंमत पुढंच आहे. परवा डॉक्टरसाहेब यांना म्हणाले, आता उन्हाळा लागला, हौद आपला आपण चालेल, काहील बंद करा. हे म्हणाले, साहेब, हौद पाण्यानं चालला की उन्हानं, ते मला अजून कळलेलं नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच कळलेलं नाही, धनपालभावजींचंही तेच पत्र आलं होतं. ते खोलीत येऊन मला म्हणाले की चार दिवस काहील बंद ठेवून बाटली बघतो, म्हणजे एकदाचा उलगडा होईल.

मी म्हटलं, "आवं, उलगडा करू नगासा. तुमाला कळंना तवर काहील पेटती ऱ्हाती हाय. कळलं की आमच्या अंगाला पुन्ना गार फडकं."

ते बघतच राहिले. ज्या माणसानं हिवाळाभर एका प्रश्नाचं उत्तर शोधलं, त्याला उत्तर नको म्हणायचं म्हणजे काय, ते मला दिसत होतं. माझ्या पलीकडे कवठ्याची मनुबाई आहे. पहिल्या दिवशी पाठीवर ऊन पाणी पडलं तेव्हा ती माहेरची गाणी म्हणायला लागली होती. ते त्यांनी मोरीबाहेर उभं राहून ऐकलं होतं. शेवटी उठले आणि साहेबांकडे गेले. सांगून आले की हौद अजून कच्चा आहे, पावसाळाभर पाणी चालू ठेवून पाहिल्याशिवाय काही नक्की सांगता येणार नाही. साहेबांनी मान डोलावली.

आज बुधवार, आमच्या ओळीची पाळी आहे. काहीलीचा धूर खिडकीतून दिसतो आहे. माझं वजन आणखी दोन पौंड वाढलं.

तुम्ही कुटून ठेवलेली शिकेकाई आता पाठवा. हौदातल्या जिवांना ती चालते का, ते आधी धनपालभावजींना विचारा. चालत असेल तर सिद्धूच्या मोटारीनं पाठवा. चालत नसेल तर त्यांना न सांगता पाठवा.

तुमची,
चंद्रा